तळातलं पाणी

गॅरेजच्या पायरीवर सात ग्रासकटर ओळीने निजवून ठेवले होते. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, पावसाची शेवटची झोड. लांज्याच्या अलीकडे हमरस्त्याला लागून असलेलं हे पत्र्याचं गॅरेज पूर्वी लुना आणि स्कूटर दुरुस्त करायचं. आता वर्षातले चार महिने ते गवत कापायच्या यंत्रांवर चालतं. आंबा-काजूच्या बागांत गडी मिळेनासा झाला तसा कोकणात घरोघर ग्रासकटर आला. जूनअखेरीस तो माळ्यावरून उतरतो, गणपतीआधी अंगण आणि पाणंद साफ करतो, दसऱ्यापर्यंत बागेत फिरतो आणि पुन्हा माळ्यावर जातो. टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट.

"सातातल्या सहांचा आजार एकच," मिस्त्री म्हणाले. "सातव्याची नुसती दोरी तुटलीय."

तेवढ्यात एक बागायतदार काका पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल घेऊन आले. यंत्राच्या टाकीतलंच होतं. वर ऑइलच्या रंगाचं हिरवट पेट्रोल आणि तळाशी चांगला बोटभर गढूळ थर. "बघा हे! मेल्यांनी पाणी मारलंय. मी पंपावर जाऊन तंटा करणार आहे."

मिस्त्रींनी वाद घातला नाही. फळीवरून लहान मुलाची दुधाची बाटली काढली, मिलिलिटरच्या खुणा असलेली. आपल्या स्कूटरमध्ये सकाळीच भरलेलं पेट्रोल नळीने तिच्यात शंभरच्या खुणेपर्यंत घेतलं. वरून मोजून दहा मिली पाणी घातलं, बूच लावून खळखळून हलवलं आणि बाटली बाकड्यावर ठेवली. आधी सगळं दुधाळ झालं. मग हळूहळू रेघ उमटली. पाण्याचा थर दहाच्या खुणेवर असायला हवा होता; तो तिसाच्या आसपास होता.

"पाणी दहाच घातलं ना, तुमच्यासमोर? मग वरचं वीस कुठून आलं?"

काकांनी बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली. ते वीस मिली म्हणजे इथेनॉल. शंभरात वीस, म्हणजे पंपावर मिळतं ते ई-२०. पाणी दिसताच ते पेट्रोलची संगत सोडून पाण्याला जाऊन मिळालं होतं. काकांच्या बाटलीत तेच झालं होतं, फक्त तिथे पाणी कुणी मोजून घातलं नव्हतं. टाकीच्या झाकणाचं वायसर चिरलेलं, यंत्र आठवडाभर मांगराच्या पागोळीखाली उभं. पंपवाला त्या दिवशी वाचला.

आता हे नीट समजून घ्यायला हवं, कारण गावागावात त्यावरून भांडणं होतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं हे खरं, पण बंद टाकीत ते काम फार सावकाश चालतं. मी ज्या चार-पाच मिस्त्रींशी बोललो ते सगळे "हवेतूनच पाणी ओढतं" असं ठासून सांगत होते. माझ्या मते त्यांच्या बाटल्यांतलं बरंचसं पाणी झाकणातून, कॅनमधून आणि रात्रीच्या दवातून आलेलं असतं. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण पाच मिली पाणी विरघळून राहू शकतं, वीस टक्क्यांत त्याहून जास्त. तोवर काही बिघडत नाही, पाणी पेट्रोलबरोबर जळून जातं. मर्यादा ओलांडली किंवा रात्री गारठा पडला, की एकदम फाटतं आणि दोन थर होतात. जुन्या निव्वळ पेट्रोलमध्ये चमचाभर पाणी गेलं तर चमचाभरच तळाशी बसायचं. आता चमचाभर पाणी आपल्याबरोबर दोन चमचे इथेनॉलही खाली घेऊन बसतं.

आणि टाकीतून कार्बोरेटरकडे जाणारी नळी तळातूनच पेट्रोल उचलते. मोटारसायकलीत या थराने गाडी फक्त बंद पडते. ग्रासकटरमध्ये गोष्ट अधिक वाईट आहे, कारण हे टू-स्ट्रोक इंजिन. त्याला वेगळी ऑइलची टाकी नाही. पेट्रोलमध्ये कालवलेलं ऑइल हेच त्याचं वंगण. थर फुटतो तेव्हा ऑइल वर पेट्रोलबरोबर राहतं. खालचा इथेनॉल-पाण्याचा थर ऑइलविना इंजिनात जातो. मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेणारा पिस्टन तेवढी मिनिटं कोरडा घासतो. मिस्त्रींनी ट्रेमधून एक पिस्टन काढून दाखवला. एका बाजूला उभे ओरखडे, नखाने कुणी ओरबाडावं तसे. "मालक म्हणतो ऑइल घातलं होतं. घातलंच होतं त्याने. पण ते वर राहिलं."

माझ्याही घरी एक यंत्र आहे, म्हणून ही सगळी चौकशी. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर ते जसं होतं तसं पडवीच्या आढ्याला टांगून मी पुण्याला निघून गेलो. जूनमध्ये खाली काढलं तर पेट्रोल ओढून घ्यायचा रबरी फुगा बोटाला फणसाच्या चिकासारखा चिकटला आणि दाबल्यावर दबलेलाच राहिला. टाकीतली नळी सुजून मऊ पडली होती. ओढली तर मधोमध तुटली. कार्बोरेटर खोलला तेव्हा आतल्या पातळ पडद्याची पापडी झाली होती आणि धातूवर चुन्यासारखी पांढरी भुकटी. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "वॉरंटीत हे बसत नाही, पेट्रोलचा प्रॉब्लेम आहे." पेट्रोलवाल्याला विचारायची सोय नव्हती. सहाशे-सातशे रुपयांत काम झालं हे कबूल करायला हवं. पण गवत कंबरेपर्यंत वाढलेलं आणि पार्ट कोल्हापूरहून यायचा, त्यात नऊ दिवस गेले.

पार्ट कोल्हापूरहून यायचा यात एक गंमत आहे. जे इथेनॉल त्या नळीत शिरलं ते घाटावरच्याच उसाचं असण्याची शक्यता होती. म्हणून मी आंबा घाट चढून वर गेलो.

मलकापूर सोडलं की उसाची हिरवी भिंत सुरू होते ती संपतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या आसवनीत शिरताना गेटवर मोबाइल आणि काडेपेटी जमा करून घेतात. आत आंबूस, गोडसर, डोकं भणाणणारा वास. साखर काढून उरलेली मळी इथे पाणी घालून पातळ करतात आणि यीस्ट सोडतात. दीड-दोन दिवसांत टाकीत दहा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, तयार होतो. मग ऊर्ध्वपातन. उंच मनोऱ्यांत वाफ वर चढते, थंड होते, पुन्हा चढते आणि मद्यार्क पंचाण्णव टक्क्यांपर्यंत येतो. तिथे गाडी अडते. उरलेलं चार-पाच टक्के पाणी नुसतं उकळून निघत नाही, कारण त्या प्रमाणाला मद्यार्क आणि पाण्याची वाफ एकत्रच निघते. मग ती वाफ बारीक छिद्रांच्या मण्यांच्या थरातून नेतात. छिद्रं इतकी सूक्ष्म की पाण्याचा रेणू आत अडकतो, मद्यार्काचा मोठा रेणू बाहेरून निघून जातो. पेट्रोलमध्ये घालायचं इथेनॉल ९९ टक्क्यांहून जास्त शुद्ध लागतं, असं भारतीय मानक सांगतं.

एवढ्या खटाटोपाने काढलेलं पाणी मांगराच्या पागोळीखाली पुन्हा त्यात जातं. मी आसवनीतल्या केमिस्टना दुधाच्या बाटलीची गोष्ट सांगितली. ते हसले. म्हणाले, आमच्या टाक्यांच्या श्वासनळ्यांनासुद्धा ओल टिपणारी पावडर लावलेली असते.

मिश्रण पंपावर होत नाही हेही इथेच सांगून टाकतो. टँकर कारखान्यातून तेल कंपनीच्या डेपोत जातो आणि तिथे पेट्रोल भरताना इथेनॉल मिसळलं जातं. महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध पहिल्यापासूनचा आहे. २००१ मध्ये देशात जे प्रायोगिक प्रकल्प झाले त्यांतले दोन मिरज आणि मनमाडला होते, तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीकडे. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. त्याही आधी, स्वातंत्र्यानंतर लगेच १९४८ मध्ये, पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासाठी कायदा झाला होता. तो पुढे मागे पडला. पाच टक्क्यांचीही पुढची दहा-बारा वर्षं रखडपट्टीच झाली. २०१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होतं. मग वेग आला. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के, फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरहून ई-२० ची सुरुवात, आणि २०३० साठी ठरलेलं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं गेलं.

ऊस उत्पादकाच्या बाजूने हे सगळं पाहिलं तर त्यात खोट काढायला जागा कमी आहे. साखरेचा भाव पडला की उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, थकायची, हे पश्चिम महाराष्ट्राचं जुनं दुखणं. इथेनॉलचा पैसा तेल कंपन्यांकडून ठरल्या वेळी येतो. २०२४-२५ च्या हंगामात सी-हेवी, म्हणजे साखर पुरती काढून उरलेल्या मळीच्या इथेनॉलला लिटरला ५७.९७ रुपये आणि थेट उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ६५.६१ रुपये दर होता. मात्र सरकारचा हातही चंचल. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवड्याभरात ती सैल झाली, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर उठली. ज्यांनी कर्ज काढून आसवन्या वाढवल्या होत्या त्यांचं त्या डिसेंबरात काय झालं, ते त्या भागात कुणालाही विचारा. शिवाय आता ऊस या खेळातला थोरला भाऊ राहिलेला नाही. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी वाटलेल्या सुमारे १,०५० कोटी लिटरांत उसाचा वाटा तीस टक्क्यांच्या आत आहे. बाकीचं मका आणि तांदळाचं. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये मिळतात आणि तिकडे कोंबड्यांच्या खाद्याचा भाव वाढला म्हणून पोल्ट्रीवाले कपाळाला हात लावतात. पाण्याचा हिशेब तर निती आयोगानेच आपल्या अहवालात मांडलाय: उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी.

कारखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर एक शेतकरी भेटले. चार एकर ऊस, घरी पेट्रोलवर चालणारा एक फवारणीचा पंप. "आमचाच ऊस आन् आमचाच पंप बंद पाडतोय, काय सांगायचं राव." असं म्हणून ते मनापासून हसले. त्यांची तक्रार इथेनॉलवर नव्हती. पंप घेताना आणि पेट्रोल घेताना कुणी काही सांगितलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मला हे म्हणणं पूर्ण पटतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ई-२० वरून देशभर जो गदारोळ झाला तो सगळा मोटारींचा होता. मायलेज किती पडतं, विमा मिळेल का, जुन्या गाडीचं इंजिन जाईल का. त्यातलं बरंच अतिरंजित होतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, त्यामुळे मायलेज थोडं घसरणारच. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकीसाठी सहा-सात टक्के आणि दुचाकीसाठी तीन-चार टक्के घट धरलेली आहे. त्याच अहवालात जुन्या वाहनांसाठी ई-१० चालू ठेवावं आणि उष्णता कमी म्हणून मिश्रित पेट्रोल स्वस्त द्यावं, अशाही सूचना होत्या. त्या दोन्ही मागे पडल्या. इथेनॉलच पेट्रोलपेक्षा महाग पडतंय, असं पेट्रोलियम मंत्रालयाने उत्तर दिलं. बिनमिश्रणाच्या पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर स्पष्ट पाटी मागणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, खर्च फारसा नाही, असा खुलासाही सरकारने केला.

ग्रासकटरला किलोमीटरचा काटा नसतो. तो वर्षातून साठ-सत्तर तास चालतो आणि बाकीचे आठ महिने टाकीत पेट्रोल मुरवत पडून राहतो. रबर त्या आठ महिन्यांत खलास होतं, चालून नव्हे. फवारणीचा पंप, पॉवर विडर, झाडं कापायचा करवती कटर, लग्नाच्या मांडवातला छोटा जनरेटर, होडीच्या मागचं आउटबोर्ड इंजिन: या सगळ्यांची ही तऱ्हा. २०२० नंतरच्या बहुतेक दुचाकींत इंजेक्शन आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आहे. मिश्रण बदललं की यंत्र आपोआप पेट्रोल वाढवतं. ग्रासकटरच्या कार्बोरेटरला एक ठरावीक भोकाचा जेट असतो आणि तो काही शिकत नाही. एक किलो पेट्रोल जाळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, इथेनॉलला नऊ किलोच पुरते. भोक तेच ठेवून पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढवलं की इंजिनाला हवा जास्त आणि खाद्य कमी मिळतं. प्लग पांढराफटक पडतो आणि इंजिन तापतं.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळांनी २००८ मध्ये नेमकी अशी छोटी यंत्रं पंधरा आणि वीस टक्के मिश्रणावर चालवून पाहिली होती. धुराचं तापमान वाढलं हे अपेक्षितच. पण गवत कापायच्या काही हातयंत्रांत वेगळंच घडलं: रेस सोडलेली असतानाही इंजिन जास्त फेरे घेऊ लागलं आणि क्लच आपोआप लागला. म्हणजे माणूस यंत्र नुसतं हातात धरून उभा आहे आणि खाली पातं फिरतंय. हे वाचलं तेव्हा मला आमच्या पाणंदीत अनवाणी ग्रासकटर चालवणारी माणसं आठवली. अमेरिकेत पंधरा टक्क्यांचं पेट्रोल विकणाऱ्या पंपावर नारिंगी पट्टी लावावी लागते: २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींसाठीच, होड्या आणि पेट्रोलवर चालणारी अवजारं यांच्यासाठी नाही, वापरल्यास कायद्याने मनाई. आयोवात राहणारा माझा मावसभाऊ, चहूकडे मक्याचा समुद्र असलेल्या राज्यात, हिरवळ कापायच्या यंत्रासाठी मुद्दाम बिनइथेनॉलचं पेट्रोल आणतो. त्याच्या पंपावर ते वेगळ्या नळीला मिळतं.

आपल्याकडे काय मिळतं? मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर शंभर ऑक्टेनचं, इथेनॉल नसलेलं पेट्रोल असतं, लिटरला एकशे साठ रुपयांच्या घरात. लांज्यातल्या बागायतदाराने त्यासाठी कुठे जावं? तेव्हा निदान यंत्राच्या खोक्यावर आणि पंपाच्या खांबावर मराठीतून चार ओळी लिहायला काही खर्च नाही. 'उरलेलं पेट्रोल टाकीत ठेवू नका' हे पाच शब्द चारशे रुपयांचा कार्बोरेटर वाचवतात. इथेनॉल नको असं मी म्हणत नाही. सरकारी आकड्यांनुसार २०१४-१५ पासून १.४४ लाख कोटी रुपयांहून जास्त परकीय चलन वाचलंय, आणि आयात तेलावर जगणाऱ्या देशाला ते सोडून देण्याची चैन परवडणार नाही. ब्राझीलने १९७५ पासून हाच रस्ता धरला आणि आज तिथे साध्या पेट्रोलमध्येही तीस टक्के इथेनॉल असतं. पण तिथे गाड्या आधी बदलल्या. शंभर टक्के इथेनॉलवरची पहिली मोटार १९७९ मध्ये रस्त्यावर आली. आपल्याकडे पुण्यात ५ जून २०२१ ला तीन पंपांवर निव्वळ इथेनॉल विकायला सुरुवात झाली, तेव्हा ते भरायला गाड्याच नव्हत्या.

परतताना वाट वाकडी करून फलटणला गेलो. तिथली निंबकर कृषी संशोधन संस्था, 'नारी', गोड ज्वारीपासून इथेनॉल करण्यावर काही दशकं काम करते आहे. डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेनॉलचे कंदील आणि स्टोव्ह बनवले. त्यांच्या स्टोव्हची गोष्ट मला फार आवडते: त्याला ९९ टक्क्यांची शुद्धता लागत नाही. निम्मं पाणी, निम्मा मद्यार्क असलं तरी तो जळतो, आणि त्या पाण्यामुळे आगीचा धोकाही कमी होतो. पाणी काढायला मनोरे नको, मणी नको, टाकीला श्वासनळी नको. खेड्यातल्या चुलीसाठी हे इंधन किती सोयीचं ठरलं असतं! पण हा स्टोव्ह बाजारात फार पुढे गेला नाही. याचं एक कारण सरळ आहे: निम्मं पाणी घातलेला मद्यार्क माणसाच्याही घशाखाली उतरतो, आणि उत्पादनशुल्क खात्याला ते ठाऊक आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा लांज्याला गेलो. पायरीवर आता चारच यंत्रं उरली होती. मिस्त्रींनी एकाची टाकी उलटी करून पेट्रोल घमेल्यात काढलं, मग रिकाम्या टाकीवरच इंजिन सुरू केलं आणि ते आचके देत बंद पडेपर्यंत चालू ठेवलं. कार्बोरेटर असा कोरडा करायचा. घमेल्यातलं वरचं पेट्रोल गाळून कॅनमध्ये गेलं. तळाचा थर त्यांनी जुन्या डब्यात ओतला आणि त्यात एक काळवंडलेला जेट टाकला. "साफ करायला याच्यासारखं दुसरं नाही," ते म्हणाले. खरंच, थोड्या वेळात पितळ चकाकायला लागलं.

ते काका यंत्र न्यायला आले. पंपावर तंटा केला नव्हता. यंत्र खांद्याला लावून, पट्टा ओढून त्यांनी विचारलं, "मग आता पेट्रोल किती घालू?"

"आज किती कापायचंय?"

"खालचा पट्टा. विहिरीपर्यंत."

"विहिरीपर्यंत पुरेल तेवढंच."